गोल डोक्यांचं गाव

अव्वाच्या दहाव्याला मांजरा नदीच्या काठावर आमच्या घरातले सगळे पुरुष डोकी भादरून ओळीनं बसले, तेव्हा माझी आई पदर तोंडाशी धरून हसली. ती वेळ हसण्याची नव्हती हे तिलाही ठाऊक होतं, पण समोरचं दृश्यच तसं होतं. आजोबा, त्यांचे भाऊ, माझे वडील, चुलते, चुलतभाऊ, सगळ्यांची डोकी सकाळच्या उन्हात चकाकत होती आणि एकजात गोल होती. घरचे कमी पडले म्हणून की काय, ज्यांना सुतक नव्हतं, नातं नव्हतं, असे गावातले कितीतरी जण न्हाव्यापुढं आपणहून येऊन बसले होते. किराणा दुकानवाले होते, शाळेतले मास्तर होते, ऊसतोडीचा मुकादम होता. शिलाईकाम करणारे चाचा बसले नाहीत, पण टोपी काढून हातात घेतली आणि शेवटपर्यंत तसेच उभे राहिले. "मेरा सर भी अव्वाकाच है," असं त्यांनी न्हाव्याला दोनदा सांगितलं.

एक डोकं तेवढं मागून सपाट निघालं. ते धाकट्या काकांचं. त्यांच्या वेळी आजीचं बाळंतपण उदगीरला माहेरी झालं आणि लेकरू चांगलं अंगावर मांस धरल्यावर गावी आलं. भादरून झाल्या झाल्या काकांनी घाईघाईनं टॉवेल गुंडाळला, पण तोवर मुकादम म्हणालाच की हा माल उदगीरचा आहे, आपल्या गावचा नाही. तेव्हा मग आई एकटीच हसत होती असं राहिलं नाही.

अव्वा म्हणजे माझी पणजी, आजोबांची आई. अव्वा हा शब्द कानडी, पण आमचं सगळं मराठी गाव तिला त्याच नावानं हाक मारायचं. खरं नाव मलाही पुष्कळ उशिरा, तिच्या मतदान कार्डावर वाचून कळलं. तिचं माहेर मुडबीच्याही पलीकडं, कलबुर्गीच्या वाटेवर, पक्कं कानडी. भालकीकडच्या आमच्या गावात ती लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीचा गंध नव्हता. सासूनं मीठ मागितलं की ही पाणी नेऊन द्यायची. विहिरीवर बाया तिला मुद्दाम बोलतं करायच्या आणि घागरी खाली ठेवून हसायच्या. शेवटी तिनं बोलणंच सोडलं. गावात बातमी पसरली की सून मुकी आहे, पण कामाला वाघ आहे.

त्याच दिवसांत शेजारी बाळंतपण झालं. लेकरं न्हाऊ घालणारी म्हातारी तापानं पडली होती, म्हणून कुणीतरी या मुक्या सुनेला पुढं केलं. माहेरी तिनं पाठची भावंडं न्हाऊ घातलेली होती. तिनं पाय लांब केले, लेकरू पायांवर घेतलं, आणि किती दिवस तुंबलेली कानडी एकदम बोलायला लागली. लेकरू रडायचं थांबून तिच्या तोंडाकडं बघत राहिलं.

"समद्या गावात त्या एकट्यालाच माजं बोलनं कळालं," हे ती मला सांगायची तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी नसायचं. तिला ती गोष्ट गमतीची वाटायची. मला मात्र तिचं पुढचं सगळं आयुष्य त्या एका सकाळीच ठरलं असं वाटतं. त्यानंतर कितीतरी वर्षं गावात जन्मलेलं जवळजवळ प्रत्येक लेकरू तिच्या पायांवरून गेलं. बदल्यात तिनं कधी काही घेतलं नाही. साडीचोळी पुढं केली तर म्हणायची, बाळंतिणीला द्या, तिनं जास्त सोसलंय.

तिचा एक सिद्धान्त होता. लेकराला आधी कानडी कळतं, मराठी मागून येतं. पुराव्यादाखल ती कुठल्याही रडत्या लेकराजवळ जाऊन 'अळबेड' म्हणायची, म्हणजे रडू नकोस, आणि लेकरू खरोखर गप्प व्हायचं. हे तिच्या आवाजामुळं होत असेल असं मी एकदा सुचवून पाहिलं. त्यावर तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. परिणाम मात्र असा झाला की आमच्या गावातल्या ज्यांना कानडीत दहापर्यंत आकडे येत नाहीत त्यांनाही 'अळबेड' ऐकलं की बरं वाटतं. वर सांगितलेल्या मुकादमाचा पाय एकदा उसाच्या ट्रॉलीखाली सापडला होता. भालकीच्या दवाखान्यापर्यंत जीपमध्ये त्याचं डोकं मांडीवर घेऊन अव्वा तो एकच शब्द म्हणत बसली होती. दांडग्या मिशांचा तो माणूस म्हणे डोळे मिटून पडून होता.

न्हाऊ घालायची तिची जागा अंगणातली, दगडी न्हाणीजवळची. आधी करडीचं तेल कोमट करून अंग चोळायचं. मग बेसन, हळद, दुधावरची साय. पाण्यात बोट घालायची नाही, कोपर बुडवायची. बोटं सारखी चुलीजवळ असतात, ती खोटं सांगतात, असं तिचं म्हणणं. आणि एकदा का लेकरू पायांवर आलं की बाकीच्यांनी तोंडं बंद ठेवायची. बोलायचं ते तिनं एकटीनं. सगळ्यात शेवटी डोकं. एक तळवा मागं, एक कपाळावर, आणि भाकरीचा उंडा करावा तसं हळूहळू सगळीकडून फिरवत गोल करत आणायचं. मग नाक वर ओढायचं, भुवया कोरायच्या, टाळू तेलानं भरायची.

कपाळाची तिला भारी घाई असे. कारण पाचवीच्या रात्री सटवाई येऊन लेकराच्या कपाळावर नशीब लिहिते, आणि त्याआधी जागा तयार पाहिजे. पाचवी पुजताना लोक पाट्याशेजारी कोरा कागद आणि पेन ठेवतात तेवढ्यावर तिचा भरवसा नव्हता. "वाकड्यातिकड्या जाग्यावर तुजं तरी अक्सर नीट यील का?" असं तिनं मला विचारलं होतं. गावात कुणाचं काही बिनसलं, कुणी दारूला लागलं, कुणाचा संसार मोडला, की ती निम्मा दोष स्वतःकडं घ्यायची. त्याचं कपाळ गडबडीत झालं, सुगीचे दिवस होते, असं म्हणून दिवसभर चुटपुटत बसायची.

बौद्ध वस्तीतही ती जायची. तो काळ असा होता की आमच्या गल्लीतल्या बाया तिकडच्या वाटेनंसुद्धा जात नसत. परत आली की सासू दारात घागर घेऊन उभी, आंघोळ केल्याशिवाय आत पाऊल नाही. अव्वानं यावरून कधी भांडण काढलं नाही. ती निमूटपणे दुसऱ्यांदा न्हायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायची. सासू म्हातारपणी यावर बोलली तेव्हा अव्वा तिला म्हणाली होती म्हणे, की उन्हाळ्यात दोनदा न्हायला मिळायचं, मला काय वाईट होतं. तोवर सासूच्या हातातली घागर सुटलेली होती आणि वस्तीतल्या बाया आमच्या न्हाणीवर लेकरं घेऊन यायला लागल्या होत्या.

आपण घडवलेल्या डोक्यांवरचा हक्क मात्र तिनं कधी सोडला नाही. रस्त्यानं चाललेल्या नातवंडवाल्या माणसाला ती ओट्यावरून हाक मारायची, "इकडं ये, वाक." तो वाकायचा. ती केसांतून हात फिरवायची, मानेकडून वर, कपाळावरून मागं, आणि समाधान झालं की "आयतु" म्हणजे झालं म्हणून सोडून द्यायची. मतं मागायला आलेले उमेदवार, नवा तलाठी, बँकेचा साहेब, कुणाचीही सुटका नव्हती. तिचे निकाल गावभर व्हायचे आणि टिकायचे. एका उमेदवाराचं डोकं उजव्या बाजूला बसकं आहे असं ती बोलून गेली, तर लोक निवडणूक संपेपर्यंत त्याच्या उजव्या बाजूला बघत होते.

मला बघायला लातूरची मंडळी आली तेव्हा पोहे झाले, चहा झाला, पगार-पाणी, पुण्यातलं भाडं, सगळं बोलून झालं. मग कोपऱ्यातून आवाज आला, "पोराला जरा इकडं धाडा." माझे वडील घाईघाईनं आणखी चहा सांगायला लागले. पोरगा भला होता, जाऊन तिच्यापुढं बसला आणि वाकला. अव्वानं बराच वेळ घेतला. मग त्याच्या आईच्या देखत म्हणाली, "मागून सपाट हाय. पन मनानं बरा दिसायलाय. माय कामात आसंल बिचारी, उचलून घ्यायला येळ भेटला नसंल." माझ्या सासूबाई शिक्षिका होत्या आणि नोकरी करून तीन लेकरं वाढवली होती. त्या आधी लाल झाल्या, मग म्हणाल्या, हो, नव्हता वेळ. आणि दोघी अशा काही बोलत बसल्या की आमचं लग्न मुलापेक्षा त्या दोघींनीच ठरवलं असं म्हणायला हरकत नाही. माझा नवरा अजून फोटो काढताना पाठमोरा उभा राहत नाही.

पुढं गावातली बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली. तिचं वय झालं, हात कापायला लागले. नव्या सुना यूट्यूबवर बघून लेकरं न्हाऊ घालू लागल्या. अव्वानं तक्रार केली नाही. मला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा मात्र तिनं फोनवर मला बजावलं की बाळंतपण माहेरीच करायचं आणि लेकरू तीच न्हाऊ घालणार. घरातली पाचवी पिढी होती ती. तिच्या हातनं ज्यांचं ज्यांचं झालं त्यांतलं हे शेवटचं असणार हे तिलाही कळत होतं आणि आम्हालाही.

मुलगी झाली, बिदरच्या दवाखान्यात. बाळंतपण लांबलं होतं, त्यामुळं तिचं डोकं चांगलंच लांबट होतं. घरी सोडताना बालरोगतज्ज्ञांनी मला समोर बसवून सांगितलं की नाकाकानांत तेल घालायचं नाही, धुरी द्यायची नाही आणि डोकं कुणालाही दाबू द्यायचं नाही. डोळे मिटून ऐकावं असाच तो सल्ला होता. मी ऐकला. पण जीप गावाकडं निघाली, आणि ओट्यावर कोण वाट बघत बसलंय हे मला ठाऊक होतं.

आम्ही शहाण्या माणसांनी केलं ते नेहमीचंच. नाळ पडली नाही, डॉक्टरांनी न्हाऊ घालू नका म्हटलंय, अशी थाप आईनं मारली. नाळ पडल्यावर पोरीला सर्दी आहे असं सांगितलं. अव्वा रोज सकाळी लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून न्हाणीजवळ येऊन बसायची आणि तशीच उठून जायची. शेवटी मलाच ते बघवेना. मी तिच्याजवळ बसले आणि डॉक्टर काय म्हणाले ते जसंच्या तसं सांगितलं.

"कोन डाक्टर?" तिनं विचारलं.

मी नाव सांगितलं. ते मूळ आमच्याच गावचे, बौद्ध वस्तीतले. अव्वानं तिथल्या तिथं पदर सावरला. आपण त्याच्याकडं जाऊ, म्हणाली, त्याचं डोकं मीच केलंय, तो मला न्हाई म्हनायचा न्हाई.

पोरीला तपासायला न्यायचंच होतं. आम्ही तिलाही घेऊन गेलो. डॉक्टरांनी तिला दारातच ओळखलं, स्वतः धरून आत आणलं, खुर्चीवर बसवलं. तिनं आपलं म्हणणं मांडलं. लेकराचं डोकं दुधीसारखं आलंय, आत्ताच हात लावला तर होईल, मागून होणार नाही. डॉक्टरांनी मध्ये तोडलं नाही. तिचं संपल्यावर म्हणाले, "अव्वा, आता कुनाचंच दाबायचं न्हाई. कवटी लई कवळी असती. लेकराला या कुशीवरून त्या कुशीवर करत ऱ्हायलं की डोकं आपलं आपन गोल हुतंय."

"आपलं आपन?"

"व्हय."

बाहेर तपासायला आणलेली लेकरं रडत होती. एरवी अव्वानं उठून जाऊन त्यांना गप्प केलं असतं.

"मंग मी इतकी वर्सं काय केलं?" तिनं विचारलं.

त्या प्रश्नात राग नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं. मला त्या क्षणी तिला इथं आणल्याचा पश्चात्ताप झाला. डॉक्टर खुर्चीवरून उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि तिच्यापुढं खाली बसले.

"न्हाऊ घातलंस की, अव्वा," ते म्हणाले. "आमच्यात तवा कोन येत हुतं?"

त्यांनी डोकं पुढं केलं. तिनं सवयीनं हात ठेवला, पण फिरवला नाही. मग तीच म्हणाली की जाऊ द्या आता, लोक खोळंबलेत.

आम्ही परत निघालो. एरवी भालकीचा रस्ता म्हणजे तिच्या बोलण्याला ऊत. कुणाचा ऊस कसा आलाय, कुणाच्या तुरीला फूल कमी आहे, कुठल्या गावात कुणाची लेक दिली, सगळं ती जीपभर ऐकवायची. त्या दिवशी साखर कारखान्याजवळ ट्रॉल्यांत अडकून आम्ही तासभर उभे राहिलो तरी तिनं उसाकडं मान वळवूनसुद्धा बघितलं नाही.

नंतर ती न्हाणीकडं फिरकली नाही. मागच्या खोलीत सुपात तूर घेऊन निवडत बसायची, निवडलेलीच पुन्हा निवडायची. आई माझ्या मुलीला पुण्याहून आणलेल्या प्लॅस्टिकच्या टबात आंघोळ घालायची आणि पोरगी हंबरडा फोडायची. आईनं चार लेकरं वाढवली, पण सगळी अव्वानं न्हाऊ घातलेली. तिला स्वतःला सवय अशी नव्हतीच. पोरगी तिच्या हातांतून निसटेल असं मला रोज वाटायचं, आणि तिलाही वाटायचं. आमच्या त्या गोंधळाचा आवाज मागच्या खोलीत जात असणारच. मी अव्वाला हाक मारत नव्हते. हाक मारून बोलवायचं आणि वर हात लावू नको सांगायचं, हे माझ्या जिवावर यायचं.

एका सकाळी पोरगी रडून रडून निळी-जांभळी झाली. आई घाबरून तिला टॉवेलात गुंडाळायला लागली. तेवढ्यात भिंतीला धरत अव्वा बाहेर आली. टब तिनं पायानं बाजूला सारला, न्हाणीच्या कडेला बसली, लुगडं वर घेतलं आणि पाय लांब केले. त्या पायांवर आता मांस असं राहिलंच नव्हतं.

"दे हिकडं," ती म्हणाली.

आईनं माझ्याकडं बघितलं. मी पोरीला उचलून अव्वाच्या पायांवर ठेवलं आणि समोर उकिडवी बसले, न जाणो म्हणून. अव्वानं पाण्यात कोपर बुडवलं. मग ती कानडीत बोलायला लागली. मला त्यातलं 'नन्न बंगारा', माझं सोनं, एवढंच कळलं. तिचे हात थरथरत होते, पण पोरीच्या अंगावर टेकले की थांबायचे. मान झाली, काखा झाल्या, पाठ झाली, मांड्यांच्या वळ्या झाल्या. माझी मुलगी जन्मल्यापासून पहिल्यांदा पाण्यात न रडता पडून होती आणि एका हाताची मूठ उघडझाप करत होती.

मग डोकं आलं. अव्वाचे दोन्ही हात वर गेले, एक मागं, एक कपाळाकडं. सगळं आयुष्य तिथं गेलेले हात ते. केसांना लागायच्या आत तिनं ते हवेतच रोखले. ती थांबली होती, पण हात थांबायला तयार नव्हते, तळवे आपोआप वळत होते.

"हात ऐकंनात गं माजं," ती मला म्हणाली. "तू धर."

मी तिची दोन्ही मनगटं धरली. तेलानं आणि पाण्यानं ती निसटत होती, म्हणून घट्ट धरली. तिच्या हातांत अजून किती जोर होता हे मला तेव्हा कळलं. मला रडू येत होतं आणि ते मी लपवलंही नाही. आईनं तांब्या घेतला आणि पोरीच्या डोक्यावरून पाणी सोडलं. आणखी एक तांब्या, मग आणखी एक. कुणीही हात न लावता डोकं धुवून निघालं. अव्वा ते डोळे बारीक करून बघत होती; आपल्या पायांवर दुसऱ्या कुणी काम करावं, हे तिला नवं होतं. हळूहळू तिच्या मनगटांतला जोर कमी होत गेला.

"सोड आता," ती म्हणाली.

मी सोडलं. तिनं उजवा तळवा पोरीच्या डोक्यावर ठेवला. नुसता ठेवला. कपाळापासून मागपर्यंत तो लांबट आकार तिनं एकदा सावकाश चाचपून घेतला, आणि माझ्याकडं वर बघितलं.

"आसंच ऱ्हाऊ दे," अव्वा म्हणाली. "चांगलं हाय."